गाडी फोर बाय फोर, गिअर ऑटोमॅटिक. पण घाट कोण उतरवणार? मेळघाटच्या चढ-उताराचं गणित

राजेहो, पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी परतवाड्यात रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहून पाहा. एमएच २७ आणि एमएच ३० तर आपल्याच घरच्या. पण नागपूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या पाट्यांच्या गाड्याही आता रांगेनं चिखलदऱ्याकडे वळताना दिसतात. त्यातही उंच चाकाच्या, रुंद टायरच्या, छतावर दिव्यांची पट्टी लावलेल्या गाड्या जास्त. बहुतेकांच्या मागं मोठ्या अक्षरात फोर बाय फोर लिहिलेलं असतं, आणि आत गिअरचा दांडा 'डी'वर टाकून एक पाय मोकळा ठेवून बसलेला चालक.

या गाड्या यायला कारणंही आहेत. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या अमरावती विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. चिखलदऱ्यात सिडकोच्या ४०७ मीटर लांबीच्या स्कायवॉकची चर्चा कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे पाहुणे वाढणार, गाड्या वाढणार, हे नक्की. पर्यटन वाढलं तर चिखलदरा, धारणी, अचलपूर, अकोट या तालुक्यांच्या हाताला काम मिळेल, ते पाहिजेच आहे. प्रश्न वेगळा आहे. मशीन घाटात आली, पण ती घाटात कशी चालवायची ही अक्कल तिच्यासोबत आली काय?

रविवारची कोंडी आणि रुग्णवाहिका

कोणी म्हणेल, ज्याची गाडी त्याचा जीव, आपल्याला काय करायचं? करायचं आहे. कारण घाटाचा रस्ता एकच आहे.

धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. मेळघाटातली अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, धारणी किंवा अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात भागलं नाही की त्याला अमरावतीला डफरीन नाहीतर इर्विनला न्यावं लागतं. रुग्णवाहिका सेमाडोह-घटांगच्या त्याच वळणांतून जाते. तिथं एखाद्या हौशी चालकाची गाडी वळणावर आडवी झाली, ब्रेकमधून धूर निघाला म्हणून मधातच उभी राहिली, की मागची रांग दोन्हीकडून तुंबते. त्या रांगेत सेल्फी काढणारा असतो, तसा सलाईन लावलेला पेशंटही असतो.

आणि अपघात काही कल्पनेतले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये चिखलदऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांची चारचाकी मडकीजवळ दरीत कोसळली, चार जण गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी बस पुलावरून खाली गेली, त्यातही प्रवासी दगावले. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर एक तरुणी गाडी शिकत होती. गाडी रिव्हर्समध्ये होती, ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबला गेला आणि गाडी मागं दरीत गेली. ती गाडी फोर बाय फोर नव्हती. पण डोंगराच्या टोकावर पायाखालची एक चूक किती महाग पडते, ते साऱ्या महाराष्ट्रानं मोबाईलवर पाहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताम्हिणी घाटात उंच चाकाची गाडी दरीत जाऊन पुण्याचे सहा तरुण गेले. गाडी दणकट असली म्हणजे दरी उथळ होत नाही.

आधी हे पाहा: तुमची गाडी खरंच फोर बाय फोर आहे काय?

पहिला गैरसमज इथंच. थार दिसली की आपण म्हणतो, फोर बाय फोर आली. पण जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे टू-व्हील ड्राइव्हसुद्धा मिळते. ती स्वस्त म्हणून पुष्कळ खपली. थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन यांच्यातही फोर बाय फोर डिझेलमध्येच आहे. मारुतीची जिमनी मात्र सरसकट फोर बाय फोर येते. बाहेरून सगळ्या सारख्याच मर्द दिसतात. ओळख आतच पटते. फोर बाय फोरचा वेगळा दांडा किंवा बटण आहे काय, त्यावर टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो असं आहे काय, ते पाहा.

संत्र्याचा बगीचा विकून नाहीतर कपाशीचे पैसे हाती आल्यावर सेकंडहँड गाडी घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी तर हे तपासलंच पाहिजे. फोर-लो लागते काय, ते सपाट मातीच्या जागेवर लावून पाहा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत काय, ते पाहा. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असले, तर फोर बाय फोरच्या सांध्यांवर उगाच ताण येतो.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच जात नव्हे

दुसरा गैरसमज गिअरचा. क्लच नाही म्हणजे ऑटोमॅटिक, इतकंच आपण धरतो. पण यात जाती आहेत.

आपल्याकडे २०१४ पासून छोट्या गाड्यांत एएमटी आली. ही मुळात साधी गिअरची गाडीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करते. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी लोंबकळत ठेवली, तर हिचा क्लच जळतो. रांगेत अडकलेल्या एएमटीमधून जळका वास येतो, तो बहुतेक याचाच. ड्युअल क्लचवाल्या गाडीचंही थोडंबहुत असंच.

थार, जिमनी, स्कॉर्पिओ यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधात तेलानं भरलेला डबा समजा. इंजिन तेल फिरवते, तेल गिअरबॉक्स फिरवते. चढावर याच्यासारखं सुख नाही. गाडी बंद पडत नाही, झटका बसत नाही, दगडावरून गाडी मुंगीच्या पावलानं चढते. म्हणून डोंगरात ऑटोमॅटिक वाईट, असं म्हणणं चूक आहे. चढायला ती चांगलीच आहे. घोळ होतो तो उतरताना.

उतारावर 'डी' म्हणजे अर्धी मोकळी गाडी

घाटातल्या ड्रायव्हरांची एक शिकवण जुनीच आहे: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गिअरात टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवायचं. पाय ब्रेकवर कमी जायचा.

ऑटोमॅटिकमध्ये 'डी'वर उतरताना काय होते? तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पुष्कळदा गिअरबॉक्सला वाटते, आता ताकद नको, आणि ते वरचा गिअर टाकते. वरच्या गिअरात इंजिनाची धर कमी. मग गाडी सुटते, तुम्ही ब्रेक दाबता, पुन्हा सुटते, पुन्हा दाबता. दहा-बारा वळणं झाली की ब्रेक तापतात.

किती तापतात, त्याचा हिशेब करू. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे उतरताना साडेसातशे मीटर खाली यायचं. माणसं आणि सामान धरून दोन टनाची गाडी इतकी खाली आणली, तर जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळपास चार युनिट विजेइतकी. तेवढ्या उष्णतेत ४५ लिटर थंड पाणी खळखळ उकळेल. त्यातली काही हवेत, काही टायरमध्ये जाते. बाकीची एकतर इंजिनानं खायची, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. 'डी'वर बराचसा बोजा चकत्यांवर पडतो.

ब्रेक फार तापले की आधी वास येतो. मग पेडल दाबूनही गाडी पहिल्यासारखी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, ते उकळते आणि पेडल स्पंजासारखं खाली जाते. मग दाबा कितीही.

उपाय साधा आहे. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर हाती घ्या. दांड्यावर 'एम', 'एल', 'टू' किंवा प्लस-मायनस असं काही असते. जिमनीसारख्या गाडीत 'टू' आणि 'एल' आहे. दुसरा गिअर लावा, फारच तीव्र असेल तर पहिला. इंजिन जरा गुरगुरेल. गुरगुरू द्या, ते काम करून राहिलं आहे. ब्रेक सतत घासत ठेवू नका. जरा जोरानं दाबून वेग कमी करा आणि पाय काढा. गाडी 'एन'मध्ये टाकून डिझेल वाचवायच्या फंदात तर पडूच नका. आणि इंजिन बंद करून उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच ब्रेकला जोर असतो, मग पेडल दगडासारखं होते. स्टिअरिंगही जड होते.

चार चाकं चढवतात, थांबवत नाहीत

हे वाक्य गाडीच्या काचेवर लिहून ठेवण्यासारखं आहे. ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, तुमच्या अल्टोतही. त्यामुळे ओल्या रस्त्यावर थांबायच्या वेळी फोर बाय फोरचा काही विशेष फायदा नाही. उलट गाडी जड असते. शेवाळलेल्या डांबरावर, सागाच्या ओल्या पानांवर ती दोन टन वजन घेऊनच घसरते.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. वऱ्हाडची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. मग दोन चाकं फिरली काय आणि चार फिरली काय, सगळी जागच्या जागी. बाहेरचा पाहुणा दगड-मुरमाच्या टेकडीवर गाडी चढवतो आणि त्याच तोऱ्यात पांदण रस्त्याला घालतो. मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. फसलेल्या ऑटोमॅटिकला जास्त रेस देऊ नये. चाकं जागेवर फिरतात आणि गिअरबॉक्सचं तेल तापते. थांबा, चिखल उकरा, चाकाखाली दगड-फांद्या घाला, मग हळू काढा.

कच्च्या, खड्या चढावर काय करायचं

मेळघाटात कित्येक गावांचा शेवटचा तुकडा आजही कच्चा, खडा आणि पावसानं उकललेला आहे. आरोग्य कर्मचारी, शिक्षक, किराणा आणणारा दुकानदार तिथं शौकासाठी जात नाहीत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जावंच लागते त्या सगळ्यांसाठी ही रीत:

पहिलं, उतरा आणि पायी पाहून या. चढाच्या पलीकडे रस्ता वळतो की तुटतो, ते गाडीत बसून दिसत नाही.

दुसरं, फोर-लो खालीच लावा, अर्ध्या चढावर नाही. गाडी थांबवा, ब्रेक दाबून ठेवा, गिअर 'एन'वर घ्या, मग फोर-लो टाका. फोर-लोमध्ये चाकावरचा जोर दोन ते अडीच पट होतो आणि वेग तितकाच कमी. पक्क्या कोरड्या डांबरावर मात्र या गाड्या टू-हायमध्येच चालवा. तिथं फोर-हाय, फोर-लो लावून वळणं घेतली तर सांध्यांवर ताण येतो.

तिसरं, आणि हे नीट लक्षात ठेवा. काही गाड्यांत फोर-हाय आणि फोर-लोच्या मधात दांड्याची 'एन' जागा असते. दांडा तिथं राहिला तर गिअर 'पी'वर असूनही चाकं मोकळी असतात. उतारावर गाडी आपोआप निघते. म्हणून दांडा बदलताना ब्रेकवरचा पाय काढू नका आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा.

चौथं, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरात, एकसारख्या रेसवर, सरळ चढा. टेकडीला तिरपी गाडी लावू नका. उंच गाडी तिरपी झाली की कलंडायला वेळ लागत नाही.

पाचवं, गाडी चढली नाही तर इज्जतीचा प्रश्न करू नका. ब्रेक दाबा, गाडी वळवायचा विचारही नको. 'आर' टाका आणि फोर-लोमध्ये इंजिनाच्या धरानं सरळ मागं या. 'एन'मध्ये टाकून मागं घरंगळू नका. खाली एक माणूस बाजूला उभा करा, गाडीच्या मागं नाही.

सहावं, उतारावर उतरायला मदत करणारं बटण नव्या गाड्यांत असते. ते चाकांना थोडे-थोडे ब्रेक मारून गाडी हळू सोडते. चांगलं आहे. पण तेही ब्रेकच वापरते आणि चिखलात चाकालाच पकड नसेल तर तेही काही करू शकत नाही. चढावर गाडी मागं न येऊ देणारी सोय दोन-तीन सेकंदांचीच असते. तिच्या भरवशावर मोबाईल पाहत बसू नका.

उतारावर उभी करताना आधी ब्रेक, मग हँडब्रेक घट्ट, मग 'एन' करून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि शेवटी 'पी'. नुसत्या 'पी'वर गाडी ठेवली तर आतल्या एका छोट्या दात्यावर दोन टनाचं वजन लटकते. चाकाखाली दगड लावा आणि निघताना तो आठवणीनं बाजूला करा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा काय गुन्हा?

नियम आहे, पण कागदावर

आता थोडं व्यवस्थेबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या वाहन चाचणीच्या नियमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. चढावर गाडी थांबवून मागं न घसरता पुन्हा काढता आली पाहिजे आणि उतारावर पटकन खालचा गिअर घेता आला पाहिजे. म्हणजे आज आपण जे सांगून राहिलो, ते नियमात ३५ वर्षांपासून लिहिलेलं आहे.

पण परवान्यावर फक्त एलएमव्ही असते. त्यात ऑटोमॅटिक आणि गिअरची गाडी असा फरक नाही. सपाटीवर छोट्या गाडीत शिकलेला माणूस दुसऱ्याच दिवशी शोरूममधून दोन टनाची ऑटोमॅटिक फोर बाय फोर काढून चिखलदऱ्याला जाऊ शकतो आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. ज्यानं आयुष्यात कधी हातानं गिअर खाली घेतला नाही, त्याला घाट उतरताना ते सुचणार कसं?

नवा कायदा मागायची गरज नाही. आहे तो नियम पाळला तरी पुष्कळ होईल. डोंगराला लागून असलेल्या आपल्या दोन जिल्ह्यांत उताराची चाचणी खऱ्या उतारावर घेतली पाहिजे. गाडी विकणाऱ्यानं चावीचा फोटो काढण्याआधी फोर-लो आणि 'एल' कसं वापरायचं, ते चालवून दाखवलं पाहिजे. घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, 'ऑटोमॅटिक वाहनांनी खालचा गिअर लावावा' असा मराठी-हिंदी फलक लावायला किती खर्च येतो? धोक्याच्या वळणांवर मजबूत कठडे आणि तापलेली गाडी बाजूला घ्यायला रुंद जागा, ही तर मूळ गरज आहे.

आणि एक नियम पाहुण्यांनीही पाळावा. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. वरून एसटी येवो की आपली चकचकीत एसयूव्ही, नियम तोच.

जंगल म्हणजे ऑफरोडचं मैदान नव्हे

रील बनवायच्या नादात काही जण रस्ता सोडून नाल्यात, गवतात गाडी घालतात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. नरनाळ्याकडचा भागही अभयारण्यात येतो. ठरलेला रस्ता सोडून गाडी नेणं तिथं गुन्हा ठरू शकते. सिपना नदीला पूर असताना पाण्याचा अंदाज घेत गाडी घालणं तर वेडेपणाच. इंजिनात पाणी गेलं की लाखाचा फटका आणि वाहून गेलं तर हिशेबच संपला.

उलट यातच गावासाठी एक संधी आहे. धारणी, चिखलदरा, सेमाडोह, शहानूर, पोपटखेड इथल्या पोरांना घाट पाठ आहे. कोणत्या वळणावर धुकं बसते, कोणत्या नाल्यावर पहिल्या पावसात शेवाळ धरते, ते त्यांना डोळे मिटून माहीत आहे. त्यांना नव्या गाड्यांचं नीट प्रशिक्षण देऊन घाटचालक म्हणून तयार केलं, तर पाहुणा निर्धास्त बसेल आणि पोराच्या घरात पैसा येईल. पर्यटनाच्या बैठकीत काचेच्या पुलाबद्दल जितकं बोललं जाते, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी यावर बोललं गेलं पाहिजे.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करू. घरातलं कोणी नवी ऑटोमॅटिक घेऊन घाटात निघालं, तर पेट्रोल-डिझेल विचारता तसं एक वाक्य जरूर विचारा: "उतारावर खालचा गिअर कसा लावायचा, दाखव बरं." दाखवता आलं नाही तर चावी खिशात ठेवा. अंगणातच अर्धा तास शिकू द्या. चिखलदरा कुठंही पळून जात नाही.